सुपरहिरो मालिका: सुरुवात कुठून, क्रम कोणता आणि चाहत्यांचं किती ऐकायचं

"सुपरहिरोची एखादी मालिका बघायचीय, कुठून सुरू करू?" हा प्रश्न चाहत्यांच्या घोळक्यात टाकून बघा. एक म्हणेल, आधी मार्व्हलचे आयर्न मॅनपासूनचे तेवीस चित्रपट उरकून ये. दुसरा म्हणेल, चित्रपट मरू देत, डेअरडेव्हिल लाव. तिसरा थेट २०१२ सालच्या ॲरोवर नेऊन बसवेल. चौथ्याच्या मते हे सगळं पोरकट असतं आणि बघण्यासारखी एकच मालिका आहे, द बॉइज. तासाभराने तुमच्याकडे चार याद्या असतात आणि बघून एक भागही झालेला नसतो.

या गोंधळातून गेल्यावर माझं मत पक्कं झालंय: चाहत्यांना क्रम विचारावा, निकाल विचारू नये. कोणता भाग कशानंतर बघायचा, मध्येच चित्रपट कुठे घालायचा, कुठे दम धरायचा, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही. मालिका चांगली की टाकाऊ, यावरचं त्यांचं भांडण मात्र वर्षानुवर्षं चालतं, आणि त्यातलं बरंचसं मालिकेबद्दल नसतंच.

१. आधी सामान जमवा

- एका वेळी एकाच ओटीटीचं सबस्क्रिप्शन. तिन्ही-चारही एकदम घेऊ नका, बघून होत नाही.
- मालिका सध्या कुठे आहे हे शोधायला जस्टवॉचसारखी साइट. देश 'भारत' निवडायला विसरू नका, नाहीतर अमेरिकेचं उत्तर मिळेल.
- इंग्रजी सबटायटल्स. पात्रांची आणि ग्रहांची नावं कानावर पडून कळत नाहीत, वाचली की लक्षात राहतात.
- वहीचं एक पान किंवा फोनमधली नोट. त्यात मालिका, सीझन, भाग आणि 'पुढे काय' एवढंच.
- घरात मुलं असतील तर पिन लावलेलं प्रोफाइल. याबद्दल पुढे सांगतो.

मालिका जागा बदलतात हे धरूनच चला. एचबीओच्या मालिका भारतात आधी हॉटस्टारवर होत्या. मार्च २०२३च्या अखेरीस त्या तिथून गेल्या, मग जिओसिनेमावर आल्या, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये दोन्ही एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं. नेटफ्लिक्सने स्वतः दाखवलेली डेअरडेव्हिल १ मार्च २०२२पासून नेटफ्लिक्सवर नाही, ती डिस्नेकडे गेली. म्हणून वर्षभराचे पैसे भरण्याआधी हवी ती मालिका तिथे आज आहे का, हे ॲप उघडून बघा. दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या व्हिडिओत कुणी काय सांगितलं, त्यावर जाऊ नका.

२. घराणं ओळखा

शक्तिमानच्या वेळी हा प्रश्न नव्हता. रविवारी दूरदर्शन लावलं की झालं. इथे एकाच कंपनीच्या मालिकासुद्धा एकमेकींना ओळखत नाहीत.

मार्व्हलच्या मालिकांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. एबीसी वाहिनीवरची एजंट्स ऑफ शील्ड (२०१३ ते २०२०, सात सीझन) हा पहिला. दुसरा नेटफ्लिक्सच्या काळातला: डेअरडेव्हिल, जेसिका जोन्स, ल्यूक केज, आयर्न फिस्ट, द पनिशर, आणि यातल्या पहिल्या चौघांना एकत्र आणणारी द डिफेंडर्स. तिसरा जानेवारी २०२१मध्ये वाँडाव्हिजनने सुरू झालेला डिस्नेचा. तो चित्रपटांना सगळ्यात जास्त चिकटलेला आहे.

मार्व्हलची प्रतिस्पर्धी कंपनी डीसी. तिच्याकडे ॲरोव्हर्स हा सगळ्यात मोठा पसारा: ॲरो, द फ्लॅश, सुपरगर्ल, लेजंड्स ऑफ टुमॉरो, बॅटवुमन. त्याचा आणि आजच्या डीसीच्या चित्रपटांचा संबंध नाही. जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन यांनी २०२२च्या अखेरीस डीसी स्टुडिओज हाती घेतल्यावर नवं विश्व सुरू केलं. त्यातली पहिली मालिका डिसेंबर २०२४ची क्रीचर कमांडोज. द पेंग्विन (२०२४) यातही बसत नाही, ती रॉबर्ट पॅटिन्सनच्या बॅटमॅनच्या जगातली आहे. एचबीओची वॉचमेन (२०१९) तर पूर्ण स्वतंत्र: नऊ भाग, अकरा एमी (अमेरिकन टीव्हीचे मोठे पुरस्कार), विषय संपला.

द बॉइज आणि इन्व्हिन्सिबल या दोघी मार्व्हल-डीसीच्या बाहेरच्या, म्हणून पूर्वतयारी शून्य.

३. पहिली मालिका छोटी निवडा

नवख्या माणसाने द फ्लॅशचे १८४ भाग समोर घेऊन बसू नये. पहिली मालिका दहा भागांच्या आत संपणारी असावी आणि तिला आधीचा अभ्यास लागू नये.

गुन्हेगारी, टोळीयुद्ध आवडत असेल तर द पेंग्विन, आठ भाग. आधी २०२२चा द बॅटमॅन बघितला तर उत्तम, नाही बघितला तरी अडत नाही. राजकारण आणि इतिहासाची आवड असेल तर वॉचमेन, पण ती पहिल्या दिवशी डोक्यावरून जाईल याची तयारी ठेवा. हलकंफुलकं हवं असेल, घरच्यांसोबत बसायचं असेल, तर मिस मार्व्हल (२०२२), सहा भाग. न्यू जर्सीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली मुलगी, वडिलांच्या भूमिकेत आपला मोहन कपूर, मध्येच फरहान अख्तर. यातल्या फाळणीच्या प्रसंगातली रेल्वे स्टेशनवरची गर्दी अमेरिकन प्रेक्षकाला इतिहासाचा धडा वाटत असेल. आपल्याकडच्या माणसाला त्यासाठी पार्श्वभूमी समजावून सांगावी लागत नाही. रेटिंग बघून ही मालिका सोडू नका, कारण खाली सहाव्या पायरीत येईल.

इथला सापळा: 'कार्टून आहे' म्हणून इन्व्हिन्सिबल मुलांसमोर लावणं. पहिल्या भागाची शेवटची काही मिनिटं येईपर्यंत ती साधी, रंगीत, शाळकरी मुलाची गोष्ट वाटते. मग जे रक्त दिसतं, ते मोठ्यांनाही झेपत नाही. क्रीचर कमांडोजचंही तसंच. भारतात ओटीटीवर २०२१च्या नियमांपासून यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए अशा खुणा असतात. भाग सुरू होताना कोपऱ्यात येते, ती बघा. द बॉइजबद्दल तर बोलायलाच नको, ती कानाला हेडफोन लावून एकट्याने बघायची गोष्ट आहे.

४. क्रम लावा, इथे चाहत्यांचं डोळे झाकून ऐका

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण ओटीटीचं ॲप तुम्हाला एका मालिकेचे भाग एकामागोमाग दाखवतं आणि गोष्ट मात्र दुसऱ्याच मालिकेत उडी मारते.

एजंट्स ऑफ शील्डचं उदाहरण घ्या. पहिला सीझन सोळाव्या भागापर्यंत बघायचा आणि थांबायचं. मग कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर हा चित्रपट बघायचा, आणि त्यानंतरच सतरावा भाग लावायचा. एप्रिल २०१४मध्ये अमेरिकेत चित्रपट ४ तारखेला आला आणि सतरावा भाग ८ तारखेला. चित्रपटात जे घडतं त्याने मालिकेचा पायाच हलतो. हा क्रम चुकला तर चित्रपटातलं मोठं रहस्य मालिका फोडते. ॲप तुम्हाला याची कल्पना देणार नाही, ते दहा सेकंदांत पुढचा भाग आपोआप सुरू करेल. ऑटोप्ले बंद ठेवा.

पहिले पंधरा भाग संथ वाटले म्हणून ही मालिका सोडणारे पुष्कळ आहेत. ती अडखळत चालते कारण चित्रपट येईपर्यंत तिला खरी गोष्ट सांगताच येत नव्हती.

ॲरोव्हर्समध्ये दरवर्षी क्रॉसओव्हर असायचा, म्हणजे एक गोष्ट चार-पाच मालिकांत वाटलेली. २०१७चा 'क्रायसिस ऑन अर्थ-एक्स' लक्षात ठेवायला सोपा, कारण चारही मालिकांचा आठवाच भाग आहे: सुपरगर्ल सीझन ३, मग ॲरो सीझन ६, मग फ्लॅश सीझन ४, मग लेजंड्स सीझन ३. डिसेंबर २०१९ ते जानेवारी २०२० मधला 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' मात्र वहीत लिहूनच घ्या:

- सुपरगर्ल, सीझन ५, भाग ९
- बॅटवुमन, सीझन १, भाग ९
- द फ्लॅश, सीझन ६, भाग ९
- ॲरो, सीझन ८, भाग ८
- लेजंड्स ऑफ टुमॉरोचा विशेष भाग, सीझन ५च्या तोंडावर

फक्त फ्लॅश बघणाऱ्याला यातला एकच तुकडा मिळतो आणि मालिका मध्येच तुटल्यासारखी वाटते. क्रॉसओव्हरच्या आठवड्यापुरत्या बाकीच्या मालिका बघा, त्या पूर्ण बघायची सक्ती नाही.

डेअरडेव्हिल: बॉर्न अगेनला (२०२५) हात लावण्याआधी जुन्या डेअरडेव्हिलचे तीनही सीझन बघा, तेरा-तेराचे एकोणचाळीस भाग. वेळ असेल तर हॉकआय आणि एको, कारण डेअरडेव्हिलचा खलनायक किंगपिन मधल्या काळात तिथे भेटतो. शी-हल्कमध्ये मॅट मर्डॉक, म्हणजे डेअरडेव्हिलच, आठव्या भागात येतो. तो बघितला नाही तरी काही बिघडत नाही, पण मजा बुडते.

आयर्न फिस्टबद्दल चाहते एकमुखाने 'सोडून दे' म्हणतात. पहिल्या सीझनपुरतं माझंही तेच मत. सारांश वाचा आणि डिफेंडर्सकडे वळा.

५. सोडायची कधी, हे आधी ठरवा

'तीन भाग बघ आणि ठरव' हा सरसकट नियम चुकीचा आहे. प्रत्येक मालिकेची कसोटी वेगळ्या ठिकाणी असते.

डेअरडेव्हिलसाठी ती पहिल्या सीझनच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी आहे. एक अरुंद बोळ, पिवळट उजेड, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि कॅमेरा एकदाही तुटल्यासारखा वाटत नाही. मॅट आधीच जखमी आहे. एका खोलीत शिरतो, आतून आवाज येतात, एक मायक्रोवेव्ह दारातून उडत बाहेर येतो. पडलेली माणसं परत उठतात, कारण खऱ्या मारामारीत माणूस एका ठोशात झोपत नाही. मध्येच मॅट भिंतीला टेकून श्वास घेतो. नायकाला दमलेलं बघण्यात जी गंमत आहे, ती तुम्हाला इथे जाणवली तर पुढचे भाग तुमचेच. नाही जाणवली तर निर्धास्त बंद करा, पुढेही हेच आहे.

वाँडाव्हिजनची कसोटी चौथा भाग. पहिले दोन भाग कृष्णधवल, जुन्या अमेरिकन विनोदी मालिकांची हुबेहूब नक्कल, मागे हसण्याचे आवाज. अनेकांना वाटतं आपण चुकीचं काहीतरी लावलं. चौथ्या भागात गोष्ट बाहेरून दिसते आणि आधीच्या तीन भागांतला प्रत्येक खटकलेला क्षण जागेवर बसतो.

ॲरो आणि फ्लॅशमध्ये वर्षाला बावीस-तेवीस भाग असत, त्यामुळे भरताड असणारच. तिथे भाग वगळायला लाजू नका. चाहत्यांनी केलेल्या 'हे बघा, हे सोडा' याद्या इथे खरोखर उपयोगी पडतात.

इथला सापळा: अर्धवट संपलेली मालिका. लेजंड्स ऑफ टुमॉरो एप्रिल २०२२मध्ये सात सीझननंतर बंद झाली, तीही ऐन उत्कंठेच्या टोकावर. शेवट हवाच असणाऱ्यांनी सुरू करण्याआधी तेवढं एक तपासावं.

६. रेटिंग वाचायला शिका

समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज साइटवरचे ९० टक्के म्हणजे शंभरपैकी नव्वद गुण नव्हेत. शंभर समीक्षकांपैकी नव्वद जणांचं मत एकूणात अनुकूल होतं, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांनी 'बरी आहे' म्हटलं तरी १०० टक्के दिसतील. उलट निम्म्यांना वेड लागलं आणि निम्म्यांना चीड आली, तर ५० टक्के. अशा ५० टक्केवाल्या मालिका कधी कधी जास्त बघण्यासारख्या असतात.

प्रेक्षक जिथे गुण देतात त्या आयएमडीबी साइटवर सरासरी आकडा बघून थांबू नका, त्यावर टिचकी मारून १ ते १० चा आलेख उघडा. मतं ७-८ च्या आसपास गोळा झाली असतील तर लोकांनी मालिका बघितलीय. १० आणि १ हे दोन खांब उंच आणि मधलं मैदान मोकळं असेल, तर तिथे भांडण चाललंय. मिस मार्व्हल आणि शी-हल्क या दोन्हींवर एकेक तारा देणाऱ्यांच्या झुंडी आल्या होत्या. शी-हल्कच्या लेखिकांना याची इतकी खात्री होती की मालिकेतच तशा कॉमेंट्स दाखवून त्यांनी खिल्ली उडवली.

राग नेहमी विषयाचाच असतो असंही नाही. द बॉइजचा दुसरा सीझन सप्टेंबर २०२०मध्ये आला तेव्हा पहिले तीन भाग एकदम आणि बाकीचे दर आठवड्याला एक असे ठेवले. अख्खा सीझन एका बैठकीत बघायची सवय झालेल्या लोकांनी ॲमेझॉनवर एक-एक तारा ठोकला. मालिकेचा कर्ता एरिक क्रिपकी याने तो निर्मात्यांचाच निर्णय असल्याचं सांगून पाहिलं, तरी संताप लगेच ओसरला नाही. आज ते भाग सगळे एकत्र उपलब्ध आहेत, राग निरर्थक झालाय, तारे मात्र तिथेच आहेत.

माझी पद्धत साधी आहे. सीझनचं रेटिंग बघत नाही, भागांचं बघतो, आणि तेही बघून झाल्यावर. लिहिलेल्या मतांपैकी ज्यात एखादा प्रसंग, एखादा संवाद, एखाद्या नटाचं काम असं नेमकं काही असतं तेवढीच वाचतो. 'वाट लावली', 'बालपण बरबाद केलं' यात माहिती शून्य.

७. थिअरी आणि स्पॉयलर

दर आठवड्याला भाग येणारी मालिका बघताना थिअरीचा, म्हणजे पुढे काय होणार याचे अंदाज बांधण्याचा, नाद लागतो. लागू दे, पण ती थिअरी आहे हे विसरू नका. वाँडाव्हिजनच्या वेळी मेफिस्टो नावाचा खलनायक येणार, याबद्दल जगभरच्या चाहत्यांची खात्री होती. पडद्यामागे, आरशात, किड्यामुंगीत सगळीकडे त्यांना तोच दिसायचा. तो आलाच नाही. एक्स-मेन चित्रपटांतला नट इव्हान पीटर्स आल्यावर एक्स-मेनचं दार उघडलं म्हणून जल्लोष झाला, तेही तसं निघालं नाही. मग निराश झालेल्यांनी शेवटच्या भागाला शिव्या घातल्या. मालिकेने दिलेलं वचन मोडलं असेल तर जरूर चिडा. पण इथे वचन चाहत्यांनीच एकमेकांना दिलं होतं.

स्पॉयलरसाठी घड्याळाचं गणित लक्षात ठेवा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मध्यरात्री आलेला भाग आपल्याकडे दुपारी येतो: तिकडे उन्हाळी वेळ असेल तर साडेबारा, हिवाळ्यात दीड. तुम्ही ऑफिसात असता आणि तिकडचे रात्रजागे चाहते भाग संपवून बोलायला लागलेले असतात. तिथे संध्याकाळी सहाला आला तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा किंवा साडेसात. बॉर्न अगेनचा पहिला भाग ४ मार्च २०२५चा, पण इथे ५ तारखेची सकाळ उजाडली होती. अशा दिवशी एक्सवर मालिकेचं आणि मुख्य पात्रांचं नाव म्यूट करा, यूट्यूबचं मुखपृष्ठ टाळा. व्हिडिओंच्या चौकटीतलं चित्रच सगळं सांगून टाकतं. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर जो नेहमी सांगून टाकतो तो तुम्हाला माहीत असतोच.

८. येणाऱ्या मालिकांच्या घोषणा

घोषणा झाली म्हणजे मालिका आली असं धरून चाहते वर्षवर्ष घालवतात. घोषणा ऐकली की ती नेमक्या कुठल्या टप्प्यावर आहे, ते विचारा: 'लिहिणं चालू आहे', 'मंजुरी मिळाली', 'चित्रीकरण सुरू', 'ट्रेलर आणि तारीख'. पहिल्या टप्प्यावरच्या बातमीला माझ्या वहीत जागा नाही.

बॉर्न अगेनचाच प्रवास बघा. नेटफ्लिक्सने २०१८मध्ये डेअरडेव्हिल बंद केली. चाहत्यांनी 'सेव्ह डेअरडेव्हिल' मोहीम चालवली. डिसेंबर २०२१मध्ये एकाच आठवड्यात किंगपिन हॉकआयमध्ये आणि डेअरडेव्हिल साकारणारा चार्ली कॉक्स स्पायडर-मॅनच्या चित्रपटात दिसला. जुलै २०२२मध्ये सॅन डिएगो कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळ्यात घोषणा झाली: अठरा भाग, २०२४चा वसंत. मग २०२३मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि नट संपावर गेले, त्या मोकळ्या काळात मार्व्हलने झालेलं काम तपासलं, लेखकांची टीम बदलली, नवा शोरनर, म्हणजे मालिकेची सूत्रं सांभाळणारा, आणला. शेवटी मार्च २०२५मध्ये नऊ भाग आले. घोषणेच्या दिवशी लोक ज्या मालिकेबद्दल भांडत होते, ती मालिका त्या रूपात कधी आलीच नाही.

डीसीने जानेवारी २०२३मध्ये दहा चित्रपट-मालिकांची यादी जाहीर केली. त्यात वॉलर, पॅराडाइज लॉस्ट, बूस्टर गोल्ड या मालिका होत्या. त्या यादीतलं आधी काय आलं? क्रीचर कमांडोज. ग्रीन लँटर्नवरची मालिका लँटर्न्स आधी २०२६च्या सुरुवातीला म्हणून सांगितली, मग त्याच वर्षात पुढे सरकवली. २०१९ची स्वॅम्प थिंग तर पहिला भाग दाखवल्यावर आठवड्याच्या आत बंद केल्याचं जाहीर झालं, तेव्हा बाकीचे भाग यायचेच होते.

शिवाय गाडीचा वेगही कमी झालाय. डिस्नेचा तेव्हाचा प्रमुख बॉब आयगर याने मे २०२४मध्ये सांगितलं की मार्व्हलच्या मालिका वर्षाला चारवरून दोनच्या आसपास आणणार. नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी ही चांगली बातमी आहे, मागचं उरकायला सवड मिळते.

तारीख पक्की झाली की पुन्हा चौथी पायरी: आधी काय बघायचं? लँटर्न्सपुरतं उत्तर छोटं आहे. २०२५चा सुपरमॅन बघा, कारण नेथन फिलियनने साकारलेला गाय गार्डनर हा ग्रीन लँटर्न पहिल्यांदा तिथे भेटतो आणि तो मालिकेतही आहे. रायन रेनॉल्ड्सच्या २०११च्या ग्रीन लँटर्न चित्रपटाशी तिचा काडीचा संबंध नाही, तो 'अभ्यास' म्हणून कुणी गळ्यात मारला तर नम्रपणे नाही म्हणा.